भगीरथांचं बिल कोण भरणार?

आमच्याकडे पाण्याची योजना मंजूर झाली की पाण्याच्या आधी फ्लेक्स पोचतो. चौकात, एस. टी. स्टँडसमोर, महामार्गाच्या सेवा रस्त्यावर. हात जोडलेले आठ-दहा चेहरे, वर नेत्याचा मोठा फोटो आणि खाली ठरलेलं वाक्य : अमुक कोटींचा निधी खेचून आणल्याबद्दल आधुनिक भगीरथांचं हार्दिक अभिनंदन. पुराणातल्या भगीरथानं निदान तप स्वतः केलं होतं. आमचे भगीरथ मंत्रालयात फाईल फिरवतात, नारळ फोडतात आणि पुढच्या योजनेच्या मागे लागतात. आणलेली गंगा रोज उंच टाकीत चढवायला वीज लागते, तिचं बिल कोण भरणार, असं कुणी विचारलं तर तो विकासाचा विरोधक ठरतो.

मी विचारतोच. कारण मी ज्या भागातून लिहितो आहे तिथे या प्रश्नाचं उत्तर एका गावानं देऊन झालेलं आहे, आणि तरीही आजूबाजूच्या पन्नास गावांनी ते न शिकण्याचा निश्चय केलेला दिसतो. गाव म्हणजे मलकापूर. बुलढाण्याचं नव्हे, शाहूवाडीचंही नव्हे. कराडला खेटून, पुणे-बेंगळुरू महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेलं, डोक्यावर आगाशिवाचा डोंगर घेऊन बसलेलं आमचं मलकापूर. आधी ग्रामपंचायत, मग नगरपंचायत, आता नगरपरिषद. शेजारचं कराड १८५५ पासून नगरपालिका मिरवतं. पण चोवीस तास पाण्याचा विषय निघाला की देशभरातले अधिकारी कराडला नव्हे, मलकापूरला गाड्या वळवतात.

तिथे झालं काय ते आधी सांगतो, कारण फ्लेक्सवर ते कधीच येत नाही. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या अभियंत्यांनी २००७ च्या पुढच्या दोन-तीन वर्षांत गावाला चोवीस तास पाणी देणारी योजना उभी केली. नळजाळ्याचा आराखडा संगणकावर मांडून दाब कुठे किती राहील ते आधी तपासलं. प्रत्येक जोडणीला मीटर बसवला, तोही दारात न जाता वाचता येणारा. आणि पाण्याला चढते दर लावले : गरजेपुरतं वापराल तर स्वस्त, जास्त वापराल तसा वरच्या टप्प्याचा दर. पंतप्रधानांच्या नावानं दिला जाणारा लोकप्रशासनाचा पुरस्कार या कामाला मिळाला. त्यानंतर अभ्यासदौरे सुरू झाले. नगरसेवकांच्या बसगाड्या आल्या, टाकीसमोर फोटो निघाले, दुपारचं जेवण झालं, बसगाड्या परत गेल्या.

परत जाऊन त्यांनी केलं काय? तर आपापल्या गावात 'मलकापूर पॅटर्न' राबवण्याची घोषणा. म्हणजे नव्या पाइपांचं एस्टिमेट, नवी टाकी, नवं टेंडर. मीटरचा विषय सर्वसाधारण सभेत आला की आधी कुजबुज, मग गोंधळ, शेवटी तहकुबी. मलकापूरहून त्यांनी पाइप नेले, दर मात्र तिथेच ठेवून आले.

माझ्या भांडणाचं मूळ इथे आहे. पाणीपुरवठ्याला दोन प्रकारचा पैसा लागतो. योजना बांधायला एकदा, आणि ती चालवायला रोज. पहिला पैसा वरून येतो म्हणून त्याच्यासाठी सगळे धावतात. दुसरा खालून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून यायचा असतो, म्हणून त्याचं नाव कुणी काढत नाही. नवऱ्या मुलाला सासऱ्यानं मोटारगाडी द्यावी आणि पेट्रोलचा विषय निघताच वऱ्हाडानं चपला शोधाव्यात, असा हा व्यवहार आहे.

वरच्या पैशाची वाटणी कशी होते ते एकदा नीट पाहावं. २००५ मध्ये लहान शहरांसाठी केंद्राची जी योजना आली तिच्यात शंभरातले ऐंशी रुपये दिल्लीचे, दहा राज्याचे आणि दहाच पालिकेच्या वाट्याचे होते. ते दहासुद्धा बहुतेकींनी कर्ज काढून किंवा दुसऱ्या हेडमधून ओढून भरले. ऑक्टोबर २०२१ पासूनच्या 'अमृत २.०' मध्ये एक लाखाच्या आतल्या शहराला केंद्र निम्मी रक्कम देतं आणि राहिलेल्यातला मोठा भाग राज्य उचलतं. गावांसाठी १५ ऑगस्ट २०१९ ला लाल किल्ल्यावरून जाहीर झालेलं जलजीवन मिशन : महाराष्ट्रात केंद्र अर्धं, राज्य अर्धं, आणि गावातल्या कामांच्या खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी. यापैकी कुठल्याही रकमेतून पंपाचं वीजबिल भरायचं नसतं, व्हॉल्व्हमनचा पगार द्यायचा नसतो, फुटलेली मेन लाइन दहा वर्षांनी बदलायची नसते. ते तुमचं तुम्ही बघा, असं प्रत्येक मार्गदर्शक सूचनेत सभ्य भाषेत लिहिलेलं असतं. ते पान कुणी वाचत नाही.

आता त्या लोकवर्गणीबद्दल. २००० साली राज्यानं मागणीनुसार योजना देण्याचं धोरण आणलं, त्यात गावानं दहा टक्के भरायचे ठरलं. कल्पना उत्तम होती. ज्यानं पैसे घातले तो जाब विचारतो, टाकी गळली तर सरपंचाच्या दारात जातो. पुढे ग्रामीण पाण्याच्या जलस्वराज्य प्रकल्पातही हाच विचार होता. पण गावोगाव घडलं काय, हे पारावर बसणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. वर्गणी भरली ठेकेदारानं. पाणी समितीच्या खात्यावर रक्कम दिसली, पहिला हप्ता सुटला, आणि भरलेले दहा टक्के ठेकेदारानं पाइपाच्या जाडीतून, चराच्या खोलीतून आणि सिमेंटातून वसूल केले. गावानं रुपया घातला नाही, म्हणून गावाला जाब विचारायची सोय राहिली नाही. आणि आपली वर्गणी भरणाऱ्या सज्जनाला जाब विचारणार तरी कोण? फुकटाच्या लोभानं आपण देखरेख विकली, आणि फार स्वस्तात विकली.

त्यानंतर ठेकेदाराचीही वेळ आली. जलजीवनचा केंद्राचा ओघ आटला तसे राज्यभर ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरले. कुठे चर खणलेले तसेच, कुठे टाकीचे खांब उभे आणि वर टाकीच नाही. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवली आणि यापुढे भर कामाच्या दर्जावर आणि लोकसहभागातून देखभाल-दुरुस्तीवर राहील असं सांगितलं. हे शहाणपण दिल्लीला साडेपाच वर्षांनी सुचलं. देखभाल म्हणून काही असतं हे आमच्या गल्लीतल्या प्लंबरला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

वीजबिलाकडे येतो, कारण योजनांचा जीव तिथेच जातो. आम्ही कोयनेच्या काठचे लोक. कोयनेचं पाणी सह्याद्रीतून पलीकडे कोकणात सोडून राज्य जवळपास १,९२० मेगावॉटची वीज बनवू शकतं. उरलेलं पाणी नदीनं खाली येतं, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं. त्याच नदीचं पाणी उचलून टाकीत चढवायला आमच्या पाणी योजना महावितरणच्या बिलाखाली वाकतात. बिल थकलं की जोडणी तुटते, जोडणी तुटली की हंडे घेऊन मोर्चा निघतो, मोर्चा निघाला की कुणीतरी वरून फोन करतो, जोडणी पुन्हा जुळते आणि थकबाकी पुढच्या वर्षात सरकते. वित्त आयोगाचा जो निधी गावाच्या पाण्या-स्वच्छतेसाठी म्हणून बांधून दिलेला असतो, त्यातूनच बिलं भागवायची मुभा सरकारनं दिली. म्हणजे नवं काम करायचा पैसा जुन्या थकबाकीत गेला, आणि पाणीपट्टी न भरणाऱ्या माणसाला पुन्हा एकदा कळलं की न भरल्यानं काहीच होत नाही.

सांगलीकडच्या वाचकाला हे नवं नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांची पंपगृहं वीजबिल थकलं म्हणून किती हंगाम बंद राहिली ते दुष्काळी पट्ट्यातल्या द्राक्षबागांना विचारा. शेवटी ८१-१९ चं सूत्र निघालं : बिलाचे ८१ टक्के सरकार भरणार, १९ टक्के शेतकरी. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, आनंद आहे. पण त्या योजनांची उभारणी आठवा. १९९६ साली कायदा करून कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटणाऱ्या बच्छावत लवादानं दिलेलं पाणी ३१ मे २००० च्या आत अडवायचं म्हणून घाई, आणि त्या घाईसाठी राज्याच्या हमीवर चढ्या व्याजाचे रोखे. रोखे घेणाऱ्याला व्याज वेळच्या वेळी हवं असतं, त्याला टेंभूचं पाणी आटपाडीला पोचलं की नाही याच्याशी देणं-घेणं नसतं. पाणी पोचलं नाही म्हणून पाणीपट्टी आली नाही, पाणीपट्टी आली नाही म्हणून परतफेडीचा बोजा राज्याच्या तिजोरीवर गेला. ज्या पाण्यातून कर्ज फिटायचं ते पाणीच कालव्यात नव्हतं. आणि या सगळ्यावर निवडणुका किती लढल्या गेल्या, त्याचा हिशेब तर कुठल्याच ताळेबंदात नाही.

रोख्यांची गोष्ट निघाली म्हणून पुण्याची सांगतो. आम्ही खेड्यातले, आम्हाला हसायचा हक्क कमी, पण इथे हसू आवरत नाही. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेनं चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, व्याज ७.५९ टक्के. मुंबईच्या शेअर बाजारात थाटामाटात घंटा वाजली, केंद्राकडून बक्षीसही मिळालं. पुढे टेंडर वादात सापडून रद्द झालं. मग रोख्यांतून आलेला पैसा बँकेत ठेवीत जाऊन बसला. बाजाराला व्याज द्यायचं सुरू, जमिनीत पाइप नाही. इतक्या हुशार शहराला सुचलेली ही बचत योजना आमच्या पतसंस्थेच्या संचालकांनाही सुचली नसती.

कर्ज वाईट असं मी म्हणत नाही. पाण्याची योजना पन्नास वर्षं चालणार असेल तर तिचा खर्च एकाच पिढीनं का भरावा? कर्ज काढावं, पुढच्यांनीही थोडं फेडावं, हा न्यायच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पाणी संस्था असंच करतात. रोखे काढतात आणि ते पाणीपट्टीच्या उत्पन्नातून फेडतात, कारण रोखे विकत घेणारा आधी विचारतो की तुमची वसुली किती. तिथे १९९६ मध्ये लोकांनी मतदानानं एक प्रस्ताव मंजूर केला, क्रमांक २१८. पाण्याचा दर पाणी पुरवण्याच्या खर्चापेक्षा जास्त ठेवायचा नाही, दर वाढवायचा तर घरोघर लेखी नोटीस द्यायची, ४५ दिवस थांबून सुनावणी घ्यायची, आणि निम्म्याहून जास्त मालकांनी लेखी हरकत घेतली तर दरवाढ रद्द. त्यांच्याही भानगडी आहेत, दुष्काळ आहे, कज्जेदलाली आहे. पण तिथला नागरिक जलसंस्थेशी भांडतो तो हिशेबावर. आपण भांडतो ते उद्‌घाटनाच्या कोनशिलेवर कुणाचं नाव आधी यावं यावरून.

इथे एक आवाज उठणार हे मला माहीत आहे. पाणी हा हक्क आहे, गरिबाकडून पैसे कसले मागता? हा आवाज कुणाचा असतो ते मी नीट पाहिलं आहे. तो फार क्वचित गरिबाचा असतो. आमच्याकडे अजून बहुतेक ठिकाणी पाणीपट्टी ठोक आहे, वर्षाला एक आकडा. एका खोलीत राहून एका तोटीवर भागवणारी धुणीभांडी करणारी बाई जो आकडा भरते, जवळपास तोच आकडा हिरवळ, दोन मोटारी आणि गच्चीवर तीन टाक्या असलेला बंगलेवाला भरतो. त्यातही थकबाकीदारांच्या यादीत ती बाई नसते. तिला नोटिशीची भीती वाटते. बंगलेवाल्याला नोटीस काढणाऱ्याची ओळख असते. ठोक पाणीपट्टी म्हणजे गरिबानं श्रीमंताच्या बागेला घातलेलं पाणी आहे. चढत्या दराचा मीटर हे उलटं करतो, म्हणूनच मीटरला विरोध गरिबाच्या नावानं होतो आणि बंगल्यातून होतो.

आणि अपुऱ्या, वेळी-अवेळी येणाऱ्या पाण्याची किंमत गरीब आधीच भरतोय. वीस लिटरच्या जारला, टँकरवाल्याला, पावसाळ्यात पोट बिघडल्यावर डॉक्टरला, आणि पहाटे तीनला उठून नळाला हंडा लावणाऱ्या बाईच्या झोपेतून. ही पाणीपट्टी कुठल्याही पालिकेच्या जमाखर्चात दिसत नाही. दोन तास पाणी सोडलं की बावीस तास पाइप रिकामा राहतो आणि फटीतून गटार आत ओढतो. पाणी येईल की नाही याची खात्री नसली की माणूस पिंप, बादल्या, टाकी भरून ठेवतो आणि ताजं आलं की कालचं शिळं ओतून देतो. मलकापूरच्या अभियंत्यांनी ओळखलं ते हेच, की चोवीस तास पाणी देऊन मीटर लावला तर माणूस साठवण थांबवतो, मोटर लावायचं कारण उरत नाही आणि फेकणं परवडत नाही. चोवीस तास म्हणजे जास्त पाणी असा समज करून घेणाऱ्या नगरसेवकांना हे अजून पटलेलं नाही. त्यांना पटणार नाही, कारण वॉर्डात पाणी कधी सोडायचं हे व्हॉल्व्हमनला फोन करून सांगण्यात जी सत्ता आहे ती मीटर काढून घेतो.

मग खासगी कंपनीला देऊन टाका, असं सांगणारे शहाणे वेगळे. नागपूरनं २५ वर्षांच्या करारानं शहराचं पाणी खासगी भागीदारीत दिलं, आणि मीटरच्या आकड्यांवरून तिथेही वर्षानुवर्षं आंदोलनं झाली. मला त्या वादात इथे शिरायचं नाही. एवढंच सांगतो की मलकापुरात योजना उभारली ती सरकारी प्राधिकरणानं, गावासाठी. कुणी परदेशी कंपनी लागली नाही. ज्याला सरकारी यंत्रणेतून हे होत नाही असं म्हणायचं असेल त्यानं आधी महामार्गावरून खाली उतरून पाहावं.

मलकापूरकरांनो, एवढं कौतुक ऐकून तुम्ही सत्काराची तयारी कराल, म्हणून तुम्हालाही दोन शब्द. तुमच्या योजनेचा भांडवली पैसाही मुख्यतः वरूनच आला होता. तुम्ही मीटर स्वीकारलात, दर स्वीकारलात, हे मोठं. पण मीटरला आयुष्य असतं, बॅटरीवर चालणाऱ्या मीटरला तर फारच मोजकं. पंप झिजतो, पाइप जुना होतो, आगाशिवनगराकडे इमारती वाढतच चालल्या आहेत. योजना पहिल्या दिवशी जशी होती तशी ठेवायची तर पाणीपट्टीतूनच दरवर्षी काही रक्कम बाजूला पडली पाहिजे. तिला घसारा निधी म्हणतात, आणि तो निम्म्या महाराष्ट्रात फक्त लेखापरीक्षकाच्या शेऱ्यात सापडतो. तुमच्याकडे तो आहे का, आणि असेल तर तो पाण्याच्याच खात्यात आहे की रस्त्याच्या डांबरात गेला, हे विचारा. नाहीतर जुने मीटर बदलायला पुन्हा निधी आणावा लागेल, पुन्हा फ्लेक्स लागेल, आणि पुरस्कार मिळवलेलं गाव पुन्हा त्याच रांगेत उभं राहील जिथे बाकीचे पन्नास उभे आहेत.

पालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले तेव्हा मला एक भाबडी आशा वाटली होती. निवडून यायची काळजी नसलेला अधिकारी तरी मीटर लावेल, दर ठरवेल, बड्या थकबाकीदारांची यादी दारावर चिकटवेल. बहुतेक ठिकाणी यातलं काही झालं नाही. प्रशासकाला निवडणुकीची भीती नसली तरी बदलीची असते.

म्हणून आता भगीरथांकडे काही मागत नाही. वाचकाकडे मागतो. तुमच्या ग्रामपंचायतीला किंवा पालिकेला चार गोष्टी लेखी विचारा. गेल्या वर्षी पाणी उचलायला, शुद्ध करायला आणि पोचवायला एकूण किती खर्च आला. त्यातला किती पाणीपट्टीतून वसूल झाला. पहिले पंचवीस थकबाकीदार कोण. आणि योजना जुनी झाल्यावर बदलायला किती रक्कम बाजूला आहे. ग्रामसभेत विचारा, नगरसेवकाला विचारा, आणि तोंडी उत्तर दिलं तर घेऊ नका. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हातात आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.